नुसतं येऊन बसायचं

"बाई, तुमच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले," चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले. पल्मनरी ट्युबरक्युलोसिस, म्हणजे फुप्फुसाचा क्षय. आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, मनुके भिजत घालायचे राहिलेत.

प्रभुभोजनाला येशूच्या आठवणीत सगळे एकाच पेल्यातून द्राक्षरस पितात; आमच्या घुग्घुसच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो रस घरीच होतो. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, फडक्यातून गाळायचे. लग्न होऊन आल्यापासून हे काम माझं. मला मूलबाळ नाही, शिक्षण बेताचं; पण 'रसवाल्या सुनंदाबाई' म्हटलं की सगळे ओळखायचे.

बातमी कळताच मंडळीतल्या मार्थाबाई आल्या. "तुमी काऊन तरास घेता? आता मी करतो न रस." माझं पातेलंही घेऊन गेल्या. नेण्याआधी राखेने घासलं, तेही माझ्यासमोर! त्या रविवारपासून मी उपासनेला जाणंच सोडलं. तिथं आता माझं काय अडलं होतं?

उपचार डॉट्सचे, म्हणजे दवाखान्यात त्यांच्यासमोर गोळ्या गिळायच्या. लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरून रडले. ती गोळीमुळे होते, एवढं सांगायला कुणाची जीभ झिजली असती? म्हणून मी सांगून ठेवते: घाबरू नका, आणि गोळ्या मध्येच सोडू नका.

भेटायला येणाऱ्यांनी तर वीट आणला. कोणी म्हणे शेळीचं दूध घ्या, कोणी म्हणे उपास करा. एकीने विचारलं, कोणतं पाप लपवलंय? माझ्या हातचा चहा मात्र कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता. डॉक्टर सांगून थकले, "टीबी खोकल्यातून पसरतो, भांड्यातून नाही." ऐकतंय कोण!

शेवटी थुंकी निगेटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जंतू दिसेनात. मी तडक पाळकांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे गेले. म्हटलं, माझा रस मला परत द्या.

"करू द्या न मार्थाबाईले. तुमी नुसत्या येऊन बसा."

नुसत्या! मी भडकले. "मग माझं तिथं काम काय?"

"बाई, प्रभूनं तुमाले जेवाले बोलावलं हाय. सैपाकाले नाई."

घरी येऊन मी भांडी आपटली. खाणीतून दमून आलेल्या नवऱ्याला उगाच बोलले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

रविवारी गेले. रिकामे हात कुठे ठेवावेत कळेना. पाळक पेला घेऊन माझ्यासमोर थांबले. "सुनंदा, हे तुझ्यासाठी." रसवाली नाही, टीबीवाली नाही, बाईसुद्धा नाही. नुसती सुनंदा. इतकी वर्षं तो पेला मी भरला होता, पण माझ्यासाठी आहे असं कधी वाटलंच नव्हतं. मला रडू आवरेना.

पेला शेजारी मार्थाबाईंकडे गेला. त्या जरा थबकल्या. मग प्यायल्या.

रस तळाला लागला होता, पहिल्याच घोटाला कळलं मला. पण बोलले नाही. पाहुणीने स्वयंपाकाला नावं ठेवायची नसतात.