भागीबाई म्हणेल तेव्हा काढणी

बापलेक बांधावर भांडत होते आणि भागीबाई विहिरीच्या आडोशाला भाकरी खात बसली होती. तिला उठताही येईना आणि खाताही येईना. उठावं तर ऐकत बसली होती हे कळणार, आणि खावं तर कांदा कडाकडा वाजणार. म्हणून कांद्याची फोड तशीच गालात धरून ती गप बसली.

वीस वर्षं होत आली असतील त्याला. बाप म्हणजे सावळीराम आबा आणि मुलगा रंगनाथ. गिरणाऱ्याच्या रस्त्याला त्यांची बाग. सगळी खायच्या द्राक्षांची होती, पण रंगनाथनं वरच्या दोन एकरांतले वेल उपटून वायनरीची द्राक्षं लावली. शिराज नावाची. दोन वर्षांनी त्या वेलांना पहिला बहर धरला. आबा चार महिने पोरीकडं राहून आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते घड बघायला वर चढले. खालच्या बागेतले मणी बोराएवढे झाले होते, आणि हे अजून हरभऱ्याएवढे.

"ही द्राक्षं?" आबा ओरडले. "आरं, शेळीच्या लेंड्या यापरीस मोठ्या असत्यात!"

"आबा, ही खायची नाय. हिची वाइन करत्यात."

"म्हंजे दारूच ना?"

"दारू नाय, वाइन."

"मग ती पिऊन लोक काय आरती म्हणत्यात?"

"मुंबईवरनं गाड्या करून येतेत लोक, वाइन चाखायला."

"मुंबईचा माणूस पैसे देऊन धुकं बघायला जातो. त्याचं काय सांगतो मला!"

इथं भागीबाईला हसू आवरलं नाही. गालातला कांदा कडकन वाजला. आबा वळले. "कोण हाय तिकडं? भागी? ये, तूच सांग. याला द्राक्ष म्हणशील का तू?"

भागीबाई मूळची पेठकडची. लग्न झालं तसं नवऱ्याबरोबर बागेच्या कामाला खाली उतरली, नवरा गेला तरी पोराला घेऊन इथंच राहिली. छाटणी म्हणा, विरळणी म्हणा, तिच्या हाताला लागून गेलेली. तिनं एक घड तळहातावर घेतला. मणी बोटांनी चाचपले.

"आबा, बारीक हायेत," ती म्हणाली. "पण नीट खाऊपिऊ घातलं तर वाढतील की."

आता बघा, बोलणारी बोलून गेली. पण ते तिच्याच मनात बसलं. दुसऱ्या आठवड्यात रंगनाथ मालेगावला लग्नाला गेला, दोन दिवसांसाठी. भागीबाईनं तीन बायका घेतल्या, कात्र्या घेतल्या आणि वरच्या वावरात शिरली. खायच्या द्राक्षात करतात तसं घडाघडातले बारके मणी कापून टाकले, उरलेल्यांना अंग धरायला जागा केली. चार ओळी झाल्या. ठिबकचं पाणी दोन्ही दिवस दिवसभर सोडलं. उपाशी लेकराच्या ताटात वाढावं तसं वाढलं तिनं. आबा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आता कसं!"

वायनरीच्या वेलाला पाणी कमी द्यायचं असतं, मणी बारीकच ठेवायचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? सबंध गावात ते रंगनाथला एकट्याला ठाऊक, आणि तो गेलेला लग्नाला.

काढणीच्या वेळेला त्या चार ओळींतलं द्राक्ष दिसायला असं गुबगुबीत झालं, की वायनरीच्या माणसानं त्याच्याकडं बघून कपाळाला हात लावला. रस पाण्यासारखा. त्यानं तेवढा माल घेतलाच नाही. भागीबाई गाठोडं बांधायलाच निघाली होती. पण रंगनाथ ओरडला नाही. त्यानं तिच्या एका हातावर तिच्या ओळीतला मणी ठेवला, दुसऱ्या हातावर पलीकडच्या ओळीतला बारका.

"चाव," म्हणाला. "गिळू नको. साल चाव, बी फोड, मग थुंक."

तिनं चावलं. मोठा मणी तोंडात आला आणि गेला, पाहुण्यासारखा. बारका मात्र मुक्कामाला राहिला. आधी गोड, मग गाल आत ओढणारी साल, मग बी फुटलं आणि भाजलेल्या दाण्यासारखी चव मागं रेंगाळली.

"अगं बाई," भागीबाई म्हणाली. "हे तर सगळं सालीत हाय!"

त्या दिवसापासून तिला नादच लागला. साखर बघायची एक नळी असते, रसाचा थेंब घालून उजेडाकडं धरून बघायची. बागेतले सगळे तिला दुर्बीण म्हणतात. दुर्बीण साखर सांगते, पण साल पिकली का, बी दाताखाली वाजण्याइतकं पिकलं का, ते तिला कळत नाही. ते भागीबाईला कळू लागलं. पौष सरला की रोज सकाळी ती ओळीतून फिरायची. या वेलावरचा एक मणी उन्हाच्या अंगाचा, त्या वेलावरचा एक सावलीचा. चावायचं, थुंकायचं, पुढं जायचं. मग बांधावर येऊन सांगायचं, "अजून चार दिस." नाहीतर, "बोलव माणसं." तिनं म्हटल्याशिवाय वरच्या वावरात क्रेट उतरत नसे. दुर्बिणीचं आणि तिचं दोन-तीनदा जुळलं नाही. त्यात एकदा रंगनाथनं दुर्बिणीचं ऐकलं आणि वर्षभर पस्तावला.

तिचं नाव वायनरीपर्यंत गेलं. तिथं प्रतिभाताई वाइन बनवायच्या. शिकून आलेली, हसरी बाई. एका रविवारी त्यांनी भागीबाईला पाहुणे चाखायला बसतात त्या खोलीत नेलं. लांब मेज, काचेचे ग्लास, मुंबईची आठ-दहा माणसं. ग्लास गोल गोल फिरवायचे, नाक खुपसायचं, डोळे मिटायचे. एक दाढीवाला म्हणाला, याला जांभळासारखा वास आहे, आणि मागं थोडं चामडं.

"ताई," भागीबाई हळूच म्हणाली, "जांभळाचं ठीक हाय. पण आपल्या वावरात चामडं कुठलं?"

ताईंनी हसत तिच्या पुढं पांढऱ्या वाइनचा ग्लास ठेवला. भागीबाईनं वास घेतला. पुन्हा घेतला. म्हणाली, "कच्चा पेरू. हे कालव्याकडच्या वावरातलं. तिकडं सकाळचं ऊन उशिरा येतं."

खरंच ते रंगनाथनं पुढं कालव्याकडं लावलेल्या पांढऱ्या द्राक्षांचं होतं. दाढीवाल्यानं ग्लास खाली ठेवला. ताई म्हणाल्या, "मावशी, एक घोट तरी घ्या."

तिनं घेतला, आणि तोंड असं केलं की सगळी खोली हसली. "एवढं गोड द्राक्ष," ती म्हणाली, "आम्ही बाई लेकरागत जपतो. आणि तुम्ही त्याचं हे केलंत?"

मग तर ताईंनी एक सोमवार काढून तिला गाडीत घातलं आणि दिंडोरीकडच्या, निफाडकडच्या अशा चार वायनऱ्या दाखवल्या. भागीबाईनं सगळीकडं नुसता वास घेतला, आणि घोट घेतला तर थुंकला. चाखून थुंकायला मेजावर भांडं ठेवलेलं बघून तिला फार बरं वाटलं. शिकलेली माणसं चोरट्यासारखी तोंडापुढं हात धरून थुंकत होती. भागीबाईनं लांबूनच नेम धरला आणि भांड्याच्या मधोमध मारला. "इतकी वर्षं हेच करते," ती म्हणाली. परतताना म्हणाली, "ताई, निफाडकडची माती जड. तिकडचं तोंडात बसून राहतं. आपलं जरा उभं राहतं." ताईंनी ते वहीत लिहून घेतलं. भागीबाईला वाटलं, ही बाई काही पण लिहिते.

गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला ताप आला. आठ दिवस अंथरूण. नवव्या दिवशी उठली, चहा केला, गूळ घातला, प्याली, आणि डबा उघडून बघितला. गूळ तर घातला होता. पण तोंडाला गरम पाण्याखेरीज काही लागेना. मीठ चाटलं, वाळू चाटल्यासारखं. चिंच चाटली, तेच.

तिनं कुणाला सांगितलं नाही. येईल आठवड्यात, येईल महिन्यात. वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा सून म्हणाली, "आत्याबाई, म्हातारपण आलं आता." भागीबाईनं तेवढ्यावर भागवून घेतलं. म्हातारपण परवडलं. जीभ गेली हे बाहेर कळलं तर बागेत तिचं काम काय उरलं? छाटणीला हात थरथरायचे, क्रेट उचलवत नसे. रंगनाथ तिला बोलवत होता तो त्या जिभेसाठी.

पौष सरला. माघ आला. शिराज काळीभोर झाली. तिनं रोजच्यासारखी फेरी सुरू केली. चावायची, थुंकायची, पण चावतेय काय ते कळत नव्हतं. दुर्बीण म्हणत होती, झालं. त्यात पश्चिमेला ढग धरले आणि रेडिओवर अवकाळीचं सांगू लागले. पिकल्या घडावर पाऊस पडला तर मणी फुटतात, दोन दिवसांत बुरशी.

"मावशी, सांग आता," रंगनाथ म्हणाला. "वायनरीनं टाकी रिकामी ठेवलीय. माणसं सांगून ठेवतो."

"उद्या सांगते," भागीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही म्हणाली, "उद्या सांगते." तिनं कधी उद्यावर टाकलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी तो बांधावर उभाच होता. ती चार ओळी फिरून आली. नुसतं "काढा" म्हणायचं, एवढंच होतं. दुर्बीण तेच म्हणत होती, ढग तेच म्हणत होते. कुणाला कधीही कळलं नसतं. ती "का" म्हणायला तोंड उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, माझी जीभ गेली."

"कुठं गेली?"

"दिवाळीपासनं गेलीय. गूळ आणि माती सारखीच लागती मला."

रंगनाथ खाली बसला. "आणि मला हे आज सांगती?"

"आधी सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं!" तो तडकला. मग दोघं ढग बघत राहिले. शेवटी तोच म्हणाला, "आता मी काय करू?"

"तोंड उघड," भागीबाई म्हणाली.

तिनं त्याच्या तोंडात मणी घातला. त्यानं इतक्या वर्षांत दुर्बिणीशिवाय काही बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला शिकवलं तेवढंच, पुढं तिच्यावर सोडून मोकळा झाला होता.

"साल कुठं लागती? जिभेच्या शेंड्याला का गालाला?"

"गालाला. गाल ओढत्यात."

"रडवती का नुसती ओढती?"

"असं कसं विचारती? … रडवती जराशी."

"बी फोड."

"फोडलं. कच्च्या शेंगदाण्यागत हाय."

"वाजलं का?"

"नाय."

"मग दुर्बीण फेक तिकडं. चल पुढच्या ओळीत."

वीस-पंचवीस ओळी झाल्या. रंगनाथचे दात जांभळे, ओठ जांभळे, हिरड्या हुळहुळल्या. त्यानं दोनदा विसरून गिळलं, तेव्हा तिनं त्याच्या पाठीत चापट घातली. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, "दोन दिस थांब."

"आणि पाऊस आला तर?"

"तर मला शिव्या घाल. पण कच्चं काढू नको."

ते दोन दिवस दोघांनाही जेवण गेलं नाही. भागीबाईला तसंही काही लागत नव्हतं म्हणा. दुसऱ्या दुपारी त्र्यंबककडं गडगडलं, तिकडं पाऊस चांगला कोसळला, इकडं चार थेंब टाकून गेला. तिसऱ्या सकाळी ती यायच्या आधीच रंगनाथ ओळीत होता. लांबूनच ओरडला, "मावशी, वाजलं! फुटाण्यागत वाजलं!"

"मग माझ्याकडं काय बघतो? माणसं बोलव!"

त्या वर्षीची शिराज प्रतिभाताईंनी लाकडाच्या पिंपात वेगळी ठेवली. जिभेचं त्यांना भागीबाईनं स्वतःच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी काय करणार मावशी?" रंगनाथच मधे बोलला, "ती इचारणार, मी चावणार."

आणि झालंही तसंच. यंदाच्या माघात तो पुढं चावत, ती मागं काठी टेकत विचारत, असे दोघं ओळीओळीतून फिरले. शेवटी शेवटी ती विचारायच्या आत तो सांगू लागला. तेव्हा ती नुसती हूं म्हणायची.

चैत्रात ती गेली, दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. त्याआधी दीड महिन्याची, ती वायनरीत शेवटची गेली त्या दिवशीची गोष्ट. काढणीच्या आदल्या दिवशी शंभर मणी मोजून वायनरीत तपासायला न्यायचे, हे तिचं दरवर्षीचं काम. रंगनाथ म्हणाला, मोटारसायकलवर मी देऊन येतो. ती म्हणाली, तुझ्या हादऱ्यानं मणी फुटतात. तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून ते डब्यात घातले आणि फाट्यावर येऊन काळी-पिवळी जीप धरली.

वायनरीच्या दारावर लियाकत असतो, गणवेश घालून.

"या मावशी. यंदा वाटेत किती खाल्ली?"

"शंभर मोजून घे. एक कमी भरलं तर तू खाल्लं."

"मला रोजा नसला तरी मी ती खात नाय, दात आंबतेत."

"मग सुपारी कशी चालती रे?"

आत प्रतिभाताईंनी मणी ताटलीत ओतले. त्यांनी चहा सांगितला. भागीबाईनं तो बशीत ओतून प्याला, साखर आहे का नाही ते न विचारता. नळावर डबा धुतला, फडकं पिळून खांद्यावर टाकलं आणि लियाकतला म्हणाली, "येते रे." साडेदहाची जीप फाट्यावर उभी होती. पुढची जागा रिकामी होती. ती चढून बसली, आणि जीप भरायची वाट बघत ड्रायव्हरला सांगू लागली, की लवकर भर बाबा, घरी अजून भाकऱ्या टाकायच्यात.