मामंजींची साखर आणि माझी बाटली

माझ्या सासऱ्यांचा जीव मी एकदाच घ्यायला निघाले होते, आणि तेही इंग्रजी तिसरीपर्यंत शिकल्यामुळे.

आम्ही तेव्हा रत्नागिरीत मांडवीजवळ राहत होतो. मामंजी नारळ-सुपारीचे व्यापारी, अंगाने ऐसपैस. भातावर तूप घ्यायचे ते ताटभर ओघळेपर्यंत. एका लग्नाच्या जेवणानंतर त्यांचं पोट असं दुखलं की दोन दिवस त्यांना आडवं होता येईना. दुखणं थांबलं, पण लघवीत साखर निघाली.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की जठरामागे स्वादुपिंड असतं, त्याला सूज आली आहे, त्यात शरीरावर ही एवढी चरबी. साखर जिरवणारा रस तिथून पुरेसा सुटत नाही. तोच रस, म्हणजे इन्शुलिन, रोज सुईने द्यायचा. तूप बंद, गोड बंद. सूज ओसरली तर सुई कमीही होईल. इन्शुलिन मुंबईहून बोटीने यायचं आणि गारव्यासाठी तांब्यात घालून विहिरीत सोडलेलं असायचं. (सासूबाई पाणी शेंदताना त्या तांब्याला नमस्कार करत.)

लघवी निळ्या औषधात उकळून रंग पाहायचं काम माझ्याकडे आलं, कारण औषधावरचं इंग्रजी मला वाचता येई. निळा राहिला तर उत्तम, विटकरी झाला तर वाईट. महिनाभरात रंग निळ्याकडे झुकू लागला होता.

एके सकाळी लघवी धरायची नेहमीची बाटली फुटली. मी फडताळातली दुसरी रिकामी घेतली, पाण्याने खळबळली आणि मामंजींकडे दिली. औषध उकळलं मात्र, रंग थेट कौलासारखा झाला.

डॉक्टरांनी येऊन कपाळाला आठ्या घालून सुईचं माप वाढवलं, ती टोचली आणि घाम सुटला, हात थरथरले की लगेच साखरपाणी द्या, असं बजावून ते गेले. मग घरात चौकशी सुरू झाली. मामंजी शपथेवर सांगत होते की त्यांनी गोडाला बोट लावलेलं नाही. त्यांच्यावर कुणाचाच विश्वास बसेना. सासूबाईंनी डोळे पुसत कबूल केलं की त्या मऊभाताखाली चमचाभर तूप लपवत होत्या. ह्यांनीही मान खाली घालून फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची पुडी कबूल केली. मी तेवढी निर्दोष होते, म्हणून दोघांना चांगलं सुनावलं.

दोन-अडीच तासांत मामंजींना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, आणि सासूबाईंकडे पाहून ते म्हणाले, "यमू, फार बरी दिसतेस आज." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावाने हाक मारलेली नव्हती. सासूबाई आधी लाजल्या आणि मग रडू लागल्या.

मी साखर आणायला धावले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"साखरेच्या रोग्याला साखर देतेस?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय, सोडा मला."

फडताळात साखरेच्या डब्याशेजारी नेहमी मधाची बाटली असे. तिची जागा रिकामी होती. सकाळी मी कुठली बाटली खळबळली होती, ते तेव्हा मला कळलं. साखरपाण्याचा पेला भरला आणि मामंजींच्या ओठांना लावला. त्यांनी तो मिटक्या मारत संपवला. थोड्या वेळात थरथर थांबली, आणि स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "आणखी आहे का?"

डॉक्टर आले, तेव्हा मी रडत सगळं सांगितलं. नव्या बाटलीतून त्यांनी स्वतः तपासलं. औषध निळंच राहिलं. ते हसले. म्हणाले, सूज ओसरली आहे, रस पुन्हा सुटू लागलाय, म्हणूनच वाढीव सुई अंगाशी आली. आता माप निम्म्यावर आणू.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी मात्र जमिनीवर पडले. शुद्धीवर आले तेव्हा रोगी पाटावर बसून मला वारा घालत होता, आणि डॉक्टरांच्या हातात नाडी होती ती माझी.