कोणी आणले?

वडील गेले त्या दिवसापासून मी देवासमोर उभी राहिले नव्हते. शहाद्याच्या रस्त्यावर त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी तेव्हा दूर शहरात डॉक्टरकी शिकत होते. घरी आल्या आल्या आईला विचारलं, किती वाजता पडले, किती वाजता पोचले? पुढे तोच माझ्या संशोधनाचा विषय झाला. माणूस कोसळल्यापासून त्याला डॉक्टरचा हात लागेपर्यंतच्या वेळात काय काय घडतं, हे शोधत मी धडगावच्या डोंगरात पाड्यापाड्यांवर फॉर्म भरत हिंडू लागले. आई दत्ताचं नाव घेत बसे, त्याचा मला रागच येई. माझा भरवसा मनगटावरच्या घड्याळावर.

रस्ता नाही तिथून रोग्याला झोळीत आणतात. झोळी म्हणजे बांबूला बांधलेली चादर. फॉर्मवर एक रकाना होता, ‘कोणी आणले? नावे लिहा.’ उत्तर ठरलेलं, “लोकांनी.” कोणत्या लोकांनी, असं विचारलं की माणसं एकमेकांकडे बघून हसत. एका पाड्याने ओढ्यापर्यंत न्यायचं, तिथून पुढच्या पाड्याने खांदा द्यायचा. पुढच्यांना कळतं कसं, ठरवतं कोण, याचं मला भारी कुतूहल होतं. पण नावं नसलेले फॉर्म मी ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवत गेले, आणि तो गठ्ठा चांगलाच जाडजूड झाला.

एके दुपारी पाड्यावरची आशा सेविका रायलीबाई आणि मी उतारावरून चाललो होतो. वाऱ्याने एक फॉर्म उडाला. उचलायला मी वाळल्या गवतात हात घातला आणि डाव्या हाताला आग लागल्यासारखं झालं. घोणस होती. पुढे काय काय होऊ शकतं हे मला पाठ होतं, म्हणूनच माझं धाबं दणाणलं. मोबाइलला रेंज नव्हती. मी ताडकन उठले, म्हटलं रस्त्यापर्यंत चालतच जाते.

“बसा खाली!” रायलीबाई ओरडली. “आम्हाला सांगता हलायचं नाही, आणि स्वतः पळता? पडा गुमान.”

सूज चढायच्या आत तिने माझं घड्याळ काढून पदराला बांधलं. मग डोंगराकडे तोंड करून तिने लांब हाळी दिली. समोरच्या टेकडीवरून उत्तर आलं, त्याच्याही पलीकडून आणखी एक. पुढच्यांना कळतं कसं, ते मला असं कळलं.

झोळीतून फक्त आभाळ आणि बांबू दिसत होता. सवयीने मी खांदा देणारे मोजू लागले. चार, सहा, आठ. ओढ्यावर खांदे बदलले, कुणी ऊन लागू नये म्हणून तोंडावर पळसाची पानं धरली, आणि माझी मोजदाद चुकली. हातात घड्याळ नव्हतं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भीतीने रडू आलं. आणि ओठांवर आई घेते तेच नाव आलं, दत्ताचं. बोलावलं नव्हतं मी त्याला. एवढं आठवतं की त्यानंतर मी अंग सैल सोडलं.

सडकेवर लसीकरणाची जीप उभी होती. तिचं टायर बसलं होतं, आणि ड्रायव्हर चाक बदलून नुकताच हात पुसत होता. “पंक्चर झालं नसतं तर मी केव्हाच निघून गेलो असतो, बाई,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दवाखान्यात वेळेवर औषध मिळालं. याचा अर्थ मी लावत नाही. घडलं ते सांगते.

आई उशाशी आली तेव्हा मनातला सल बाहेर पडला. “माझ्यासाठी जीप थांबली. बाबांसाठी का नाही कुणी आलं?”

आईने माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, “तुन्हा बापले बी लोकेसनीच उचलं व्हतं, पोरी. एक जन त्यासनं डोकं मांडीवर लिसन बठेल व्हता, दवाखानालगून. तू मातर किती वाजनात तेच इचारं.”

“दवाखान्यापर्यंत डोकं मांडीवर घेऊन बसलेला तो कोण होता?”

“ठावं नही. रस्ताना मानूस.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, बाबा एकटे गेले.

बरी झाल्यावर पाड्यावर गेले. रायलीबाईने पदराची गाठ सोडून घड्याळ हातात ठेवलं. मी आभार मानायला नावं विचारली, तर ती हसली. “लोक होते, बाई.” त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात मी ‘अपूर्ण’ गठ्ठ्यातले सगळे फॉर्म परत अभ्यासात घेतले.

मग एक कोरा फॉर्म घेऊन आईच्या देवघरासमोर बसले. वर बाबांचं नाव लिहिलं. वेळेचे रकाने तोंडपाठ होते, ते भराभर भरले. ‘कोणी आणले?’ यापाशी पेन थांबलं. तिथे मी लिहिलं, लोकांनी. आणि हात जोडले.