खाऱ्या पाण्यात कालवलेलं दूध

दुर्गाबाईंना कोणी ‘साधी बाई’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या शाळेत त्या अठरा वर्षं पोषण आहार शिजवतात. तांदळाचं पोतं उघडलं की आधी हात घालून वास घेणार, आणि अळी दिसली तर ओंजळभर तांदूळ थेट हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवणार. मी त्याच शाळेत शिकवते. त्यांच्याइतकी हिंमत माझ्यात नाही, हे मला रोज कळतं.

आमचं गाव दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यात; जमिनीखालचं पाणीच खारं. हापशीच्या पाण्याचा चहा फाटतो. गोडं पाणी नळाला येतं, तेही आठ-दहा दिवसांतून एकदा. अकोल्याला अन्ननलिकेचं ऑपरेशन झाल्यापासून दुर्गाबाईंच्या यजमानांना, भगवंतरावांना, घास उतरत नाही. दूध आणि पातळ पेज, बस्स. गावातल्या म्हशी केव्हाच विकल्या गेल्या. दूध दर्यापूरहून गाडीने येतं. दोन वर्षांपूर्वी पूर्णेवरचा पूल चार दिवस पाण्याखाली होता, गाडी आली नाही, आणि पाचव्या दिवशी भगवंतरावांना दोघांनी धरून उभं करावं लागलं.

तेव्हापासून बाई दर मे महिन्यात दर्यापूरला जातात आणि दूध पावडर आणतात. दुकानदार चहात टाकायची गोड पावडर पुढे करतो. त्या ती परत सरकवतात, साखर नसलेली मागतात, पाकिटावरची तारीख दोनदा वाचून घेतात. पाकिटं न फोडता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. शेजारी गोड्या पाण्याच्या चार कॅन. नळ आला की जुनं पाणी भांड्यांना वापरून नवं भरायचं. दिवाळीनंतर पावडर खाऊन संपवायची, पुढच्या मेमध्ये नवी.

गाव हसलं. देवराव पानठेल्यावरून ओरडले, “दुर्गाबाई, लढाई सुरू होऊन राहिली का?” मीही हसले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

यंदा ऑगस्टमध्ये पूल बुडाला आणि त्याच दिवशी नळाची पाइपलाइन वाहून गेली. खालच्या आळीतली माणसं शाळेत राहायला आली. त्यांत अकरा लहान मुलं होती, देवरावांची नात धरून. दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई डबा आणि तीन कॅन घेऊन शाळेत हजर.

“आणि भगवंतरावांना?” मी विचारलं.

“एक कॅन अन् दोन पाकिटं ठेवले न घरी. लेकरं रडून राहिले, बाई. त्याईले समजते, लेकराईले समजत नाही.”

देवराव मान खाली घालून पेला घ्यायला रांगेत उभे राहिले. बाईंनी त्यांचा पेला काठोकाठ भरला. मी असते तर सोडलं नसतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतलं पाणी संपलं, तशी घरची चौथी कॅनही आली. मी अडवायला हवं होतं. मुलं तहानलेली होती, म्हणून मीच ती उघडली.

चौथ्या दिवशी सकाळी मदतीची होडी आली. साहेब, दोन कर्मचारी, एक फोटोवाला. त्यांनी खोकी उतरवली. सगळी दूध पावडर. पाण्याचा थेंब नाही. होडीत मात्र सीलबंद बाटल्यांचं एक खोकं होतं, त्यांच्या स्वतःसाठी. साहेबांनी पाकीट पुढे केलं, “मावशी, जरा इकडे बघा, हसा.”

दुर्गाबाईंनी ते पाकीट दातांनी फोडलं. हापशीवर जाऊन पेलाभर पाणी आणलं, पावडर कालवली आणि पेला साहेबांपुढे धरला.

“घ्या. पेऊन पाहा. मंग काढा फोटो.”

साहेबांनी एक घोट घेतला आणि बाजूला जाऊन थुंकला. “इथलं पाणी खारट असतं, हे आम्हाला कोणी कळवलं नाही,” ते म्हणाले.

“मंग तुमी सोताच्या बाटल्या काहून आनल्या?”

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

“माह्या घरी मानूस कालपासून उपाशी हाय,” बाई म्हणाल्या. “दूध हाय घरात. कालवाले पानी नाही.”

इतकी वर्षं मी त्यांचा आवाज ऐकते, पण तो असा फाटलेला कधी ऐकला नव्हता. त्या होडीपाशी गेल्या. कोणालाही न विचारता बाटल्यांचं खोकं उचललं, दोन बाटल्या काखेत मारल्या आणि बाकीचं खोकं माझ्या हातात दिलं. “लेकराईसाठी,” म्हणाल्या. कर्मचारी पुढे आला तशी मी वाटेत उभी राहिले. तिथून हलले नाही.

मुलांना पाणी वाटून मी दुर्गाबाईंच्या घरी गेले. भगवंतराव भिंतीला टेकून बसले होते. पेला त्यांना हातात धरवेना. दुर्गाबाई चमच्या-चमच्याने पाजत होत्या आणि प्रत्येक चमच्याआधी त्यांना हाक मारून डोळे उघडायला लावत होत्या.