तोफवाल्याचा हात

आमच्या थोरल्या काकांनी लढाईत दीड महिना तोफ चालवली, पण शत्रू एकदाही पाहिला नाही. तोफवाल्याला तो दिसतच नाही. पुढच्या टेकडीवरून वायरलेसवाला निशाण्याचे आकडे कळवतो आणि हा डागतो. गोळा कुणावर पडला, हे विचारायचं नाही. काकांना आकडे कळवणारा गडी पुढे त्यांचा जिवलग झाला. आम्ही त्यांना वायरलेसकाकाच म्हणायचो.

लढाईहून काका धडधाकट परतले, फक्त कान तिकडेच राहिले. फायदा काकूचा झाला. ती घरात बिनधास्त बोलू लागली.

पुढे वॉर्डातला दवाखाना बंद होणार अशी आवई उठली. "मी असेपर्यंत कुलूप लागणार नाही," एवढ्या एका वाक्यावर काका नगरसेवक झाले. शेजारच्या वॉर्डातून वायरलेसकाकाही निवडून आले. सभागृहात काकांना ओ की ठो कळायचं नाही, आणि कानाला यंत्र लावायला माणूस फार ताठ. मग दोघांनी युक्ती काढली. ठराव योग्य असला की वायरलेसकाकांनी टेबलाखाली गुडघ्यावर टिचकी मारायची, काकांनी हात वर करायचा. दोन वर्षं झकास चाललं.

त्या मंगळवारी टिचकी बसली. काकांचा हात नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी वर.

घरी आले तर काकू दारातच. दवाखान्यातली नर्स रडून गेली होती. "अहो, दवाखाना बंद करायला हात वर केलात? एका मताने गेला!" काकू कानाशी ओरडली.

दोघं तडक वायरलेसकाकांकडे गेली.

"चुकून मारलीस ना टिचकी?" काकांच्या आवाजात चक्क विनंती होती.

वायरलेसकाका खिडकीकडे बघत पुटपुटले, "आरोग्य समितीचं अध्यक्षपद देतायत मला. ठरावाला एक मत कमी पडत होतं."

"काय म्हणतोय?" काकांनी काकूला विचारलं.

"वहिनी, चुकून झालं म्हणा ना," वायरलेसकाका हळूच म्हणाले.

काकूने सगळी वाक्यं जशीच्या तशी ओरडून सांगितली.

काका दाराकडे वळले. मग म्हणाले, "उद्या महापौरांना सांगतो, मी बहिरा आहे. माझं मत काढून टाका."

त्यांनी खरंच सांगितलं. महापौर पोट धरून हसले आणि नियमाचं पुस्तक पुढे सरकवलं. हात तो हात.

तिथून काका दवाखान्याच्या रांगेकडे गेले, काकूही सोबत. प्रत्येकासमोर थांबून ते म्हणत होते, "हात माझाच होता." टिचकीचं नाव नाही. लोक त्यांना नाही नाही ते बोलले.

"काय म्हणतायत?" काका दर वेळी विचारत.

काकूने त्यातला एक शब्दही त्यांच्या कानापर्यंत पोहोचू दिला नाही.