मामांचा कॅमेरा

माझ्या मामांइतका विचार करून एखादी वस्तू न घेणारा माणूस उभ्या खानदेशात झाला नसेल. जळगावातल्या शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं ठरवलं आणि पुढची तीन वर्षं ते तो निवडत राहिले. मामीचं माहेर पिंपळनेरचं. हळदीची अहिराणी गाणी तिच्यासारखी कुणी म्हणत नसे. ती गाणी मामांना टिपून ठेवायची होती. "मोबाइलवर घ्या की," मी एकदा म्हणालो. "मोबाइलचा झूम म्हणजे नुसतं चित्र ताणणं!" असं म्हणून त्यांनी मला तासभर भिंगांचे प्रकार समजावले. दर शनिवारी ते एका मारवाडी शेठजींच्या दुकानात जाऊन बसत. चित्र हलतं का हे पाहायला एकदा त्यांनी शेठजींनाच रिक्षात घालून खड्ड्याखड्ड्यांतून फिरवलं. अंधारात कसं दिसतं ते पाहायला स्वतः काउंटरखाली शिरले, तर आलेलं गिऱ्हाईक दचकून पळालं. शेठजी बिचारे चहा पाजत आणि नव्या मॉडेलची वाट पाहत.

मग मामीचा आवाज बसला. खोकला, काढे, गुळण्या यांत दोन महिने गेले आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, आठवड्याच्या आत. मामा मला घेऊन तिथून थेट जळगावच्या दुकानात आले. "याच्यात आवाज जसाच्या तसा उतरतो ना?" त्यांनी एवढंच विचारलं.

"उतरतो. पण मास्तर, झूम नाही बघायचा?"

"नको. ती समोरच बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी मामीला नवं लुगडं नेसवून त्यांनी खुर्चीत बसवलं. तिने हळदीचं गाणं उचललं, दीड ओळ म्हटली आणि गळा धरून थांबली. मामांना कॅमेरा बंद करणं सुधरेना. तशी ती घोगऱ्या आवाजात खेकसली, "मी काय बाहुली शे का? बंद करा ते, आन् गॅस बघा. दूध उतू जाई ऱ्हायनं!" पुढे पाच मिनिटं ती मामांच्या बावळटपणावर बोलत राहिली. तेवढंच चित्रीकरण झालं. ऑपरेशन नीट पार पडलं. मामी वाचली, आवाज गेला.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा दोघं टीव्हीसमोर बसली होती. "गाणं लावलं की ती उठून आत जाते," मामा हळूच म्हणाले, "म्हणून आम्ही हेच बघतो." पडद्यावरची मामी दुधावरून कडाडत होती. शेजारची मामी तोंडाला पदर लावून हसत होती. आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते. मामा मात्र पडद्याकडेच बघत म्हणाले, "उठतो गं. दोन मिनिटं बोल अजून."