सर्जेराव आबांची स्वेटरवाली शिष्या

आपण कुणाचे गुरू होऊ, असं सर्जेराव आबांना कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. उजनीच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा ते विशीत होते. तेव्हापासून त्यांनी इंदापुरात धरणग्रस्तांच्या संघटनेचं काम केलं, म्हणजे मुख्यतः कचेऱ्यांतल्या बाकांवर बसून आयुष्य काढलं. बाकं बदलली, साहेब बदलले, आबा तेच राहिले.

अशा माणसाला शोधत बारामतीच्या एका संस्थेतली स्वरूपा आली. मुलूख सोडून आलेल्या लोकांच्या संघटना असतात, त्यांच्या तरुण पुढाऱ्यांना एकेक जुनंजाणतं माणूस जोडून द्यायचं, असा तिच्या संस्थेचा उपक्रम होता.

"आबा, तुम्ही मेंटॉर व्हायचं."

"म्हंजे करायचं काय?"

"आपण काय काय सोसलं ते सांगायचं, आणि मग त्यांचं त्यांना करू द्यायचं."

"पहिलं जमंल," आबा म्हणाले.

आबांच्या वाट्याला आली यांगझोम. दर हिवाळ्यात बारामतीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी लोकांच्या संघटनेची ती नवी अध्यक्ष. तिचे आजोबा बर्फातून चालत देश सोडून आले. ती जन्मली कर्नाटकातल्या वसाहतीत आणि मराठी शिकली बारामतीत, आईच्या स्टॉलवर. त्यामुळे तिचं सगळं मराठी गिऱ्हाइकाशी बोलायचं. पहिल्याच भेटीत ती आबांना म्हणाली, "बसा की आबा, बसायचे पैसे न्हाईत."

आबा तिथंच खूश झाले.

तिची अडचण मात्र हसण्यासारखी नव्हती. बाजाराच्या जुन्या जागेवर इमारत उठली होती. दिवाळी तोंडावर आलेली, लुधियानाहून मालाचे गठ्ठे निघालेले, आणि ते उतरवायला जागाच नाही. जागा मिळाली नाही तर सगळ्या कुटुंबांचा हंगाम बुडणार, तोही हिच्या अध्यक्षपणाच्या पहिल्याच वर्षी. जळोचीत विजयसिंह नावाच्या बागायतदाराचा मोठा प्लॉट रिकामा होता. ती एकदा जाऊन दारातूनच "जागा देता का?" म्हणून विचारून आली होती. विजयसिंह "बघू" म्हणाले होते.

आबांनी कपाळाला हात लावला. "अगं, असं दारात उभं राहून इचारत्यात व्हय? आदी उसाचं इचारायचं. तोड कधी हाय, टोळी आली का. मग पोरं काय शिकत्यात. तवर चहा येतो. चहा निम्मा झाला की हळूच विषय काढायचा. आन् माणूस हो म्हणला की लगीच उठायचं. बसून ऱ्हायलं की त्याचा इचार बदलतो."

पुढच्या खेपेला दोघं मिळून गेले. या वेळी आपण बोलायचं नाही, असं आबांनी ठरवलं होतं. स्वतःवर फारसा भरवसा नसल्यामुळे त्यांनी तोंडात मोठं पान भरून घेतलं.

यांगझोमनं आत गेल्या गेल्या पिशवीतून पांढरे रेशमी पट्टे काढले. त्यांच्यात कुणाकडं मानानं जायचं तर असा खाता गळ्यात घालतात. एक तिनं विजयसिंहांना घातला, एक आबांना. विजयसिंहांच्या पत्नी राजलक्ष्मी वहिनींना ते इतकं आवडलं, की त्यांनी फोटो काढून स्टेटसला टाकला.

आता या भागात गळ्यात पट्टा घालून काढलेल्या फोटोचा अर्थ एकच होतो: पक्षप्रवेश. फोटोत सगळं हुबेहूब होतं. शेजारी हात जोडलेला जुना कार्यकर्ता, गळ्यात पट्टा घालून घेणाऱ्याचा गोंधळलेला चेहरा. फक्त पट्टा पांढरा. हा कुणाचा, हे कुणालाच कळेना, म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं शिजत होतं.

ऊस आणि पोरांची शिक्षणं होऊन चहा येईपर्यंत फोन सुरू झाले.

"न्हाय, न्हाय, हाय तितंच हाय मी," विजयसिंह फोनवर सांगत होते. "कुठं म्हंजे? आपल्यातच."

एवढ्यात त्यांचा चुलतभाऊ अजित आत आला. तो शेजारच्याच बंगल्यात राहायचा आणि विरुद्ध गटात असायचा. "दादा, एवढा निर्णय घेतला आन् भावाला सांगितलं न्हाय?"

विजयसिंहांनी कप खाली ठेवला. "बाई, प्लॉटचं आता ऱ्हाऊ द्या. लोक काय बी बोलायला लागल्यात."

आबा ताडकन उठले. पण तोंडात पान, खाली पांढरीशुभ्र फरशी. गिळण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात यांगझोमनं आणखी एक खाता काढून अजितच्या गळ्यात घातला.

"घ्या दादा, तुमाला बी. वहिनी, काढा फोटो." मग तिनं ड्रायव्हरला घातला, दूध घालायला आलेल्याला घातला, वहिनींना घातला. "आमच्यात पाव्हणा आला, पाव्हणा निघाला, लगीन झालं, सगळ्याला ह्योच. सगळ्यांच्या गळ्यात असला तर पक्ष कुणाचा ऱ्हायला?"

दुसरा फोटो गेला. सोसायटीच्या निवडणुकीनंतर पहिल्यांदाच दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून हसताना गावानं पाहिले. फोन बंद झाले. आता काय विचारायचं, तेच गावाला सुचेना.

अजित खाता चाचपत म्हणाला, "बाई, माज्या कंपाउंडकडंची पट्टी बी रिकामी हाय. दादाला जमत नसंल तर तिकडं या."

"जमत न्हाय कोण म्हणलं?" विजयसिंह म्हणाले. "आदी माज्याकडं आल्यात त्या. दिला प्लॉट."

आबा उभेच होते. त्यांनी डोळ्यांनी दाराकडं खुणावलं. यांगझोम जागची हलली नाही.

"दादा, दिवसभर बाया-पोरं असत्यात. नळ पायजे."

आबांनी डोळे मिटून घेतले.

"बोरची पाइप वडून देतो," विजयसिंह म्हणाले.

"लाइट माज्याकडनं," अजित म्हणाला.

बाहेर पडल्यावर आबा फाटकाला धरून हसत सुटले, पार ठसका लागेपर्यंत. "अगं, आमच्या गावठाणाचा रस्ता साहेबानं मंजूर केला, आन् मी लगीच उठलो. बसलो असतो तर नळ बी झाला असता. वरच्या आळीला अजून न्हाय."

"मग जाऊ की आबा, परत."

"त्यो साहेब कवाच रिटायर झाला."

"नवा असंल की," यांगझोम पिशवीतले उरलेले खाते चापून ठेवत म्हणाली. "सोमवारी माल उतरवते. मंगळवारी येते इंदापूरला. तुमी फकस्त पान खाऊन बसा."